मेहमानखान्याचं छत

उरातेपा, ५ सप्टेंबर २००४

ती. मेहरी आपा यांस,
धाकट्या शरफचा सादर सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. भाची सवसनचं लग्न ठरल्याचं वाचून तुमच्या भावजयीने, मुअत्तरने, गल्लीभर गरम नान वाटले आणि वाटताना जावई डॉक्टर असल्याचं सांगितलं. तो दातांचा डॉक्टर आहे हे तिने कुणालाच सांगितलं नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या दोन बायका आत्ताच त्याची वाट बघायला लागल्यात. लग्न आपल्या मेहमानखान्यातूनच लावायचं ही तुमची इच्छा मला ठाऊक आहे.

त्याच मेहमानखान्याबद्दल काळजीची बातमी आहे. यंदा वसंतात छत गळलं. वरची माती काढून पाहिली तर दोन तुळया पार भुसभुशीत झाल्यात. खुजंदहून लाकूडकामाचा एक उस्तो आणला होता. तो म्हणाला, नुसती माती लिंपून भागणार नाही, रंगवलेल्या फळ्या सगळ्या उतरवून आमच्या कारखान्यात न्याव्या लागतील, वाळवून, किडीचं औषध पाजून वसंतात परत बसवून देऊ. हे काम चार मजुरांचं नाही, सगळ्या मोहल्ल्याचा हशर घालावा लागेल. म्हणून मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना चहाला बोलावलं, तर त्यांनी मला पेचात टाकलं. म्हणाले, रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचं, ते आम्हाला मान्य, पण ते छत मेहरीने बापाबरोबर हातांनी पुसलंय. तिचा शब्द आल्याशिवाय आम्ही एका खिळ्यालाही हात लावणार नाही. मी म्हटलं, त्यात खिळे नाहीतच, सगळं खाचांत बसवलंय. त्यावर मलाच हसले.

तेव्हा आपा, त्यांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी पाठवा. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत फळ्या उतरायला हव्यात. मुअत्तरचा सलाम. जावयाला एकदा माझी दाढ दाखवायची आहे.

तुमची माया आजवर होती तशी राहू द्यावी,
आपला धाकटा,
शरफ

*

दुशान्बे, १७ सप्टेंबर २००४

चि. शरफ यास मेहरीचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. बरं केलंस, वेळीच पाहिलंस. तुझी दाढ जावई बघेल, पण बालपणी चोरून खाल्लेल्या खडीसाखरेचा हिशेब आधी मला द्यावा लागेल.

उस्तोला एवढं मात्र सांग, की ते छत म्हणजे नुसतं लाकूड नाही. पणजोबा नसरुल्लोंनी सुक्या जर्दाळूंच्या व्यापारात जे कमावलं ते सगळं त्या एका खोलीत ओतलं. भिंतींना दुहेरी लाकडी सांगाडा, मधे मातीचे गोळे, पायाशी बोरूचा थर. म्हणून तर भूकंपात शेजारची नवी शाळा बसली आणि आपलं घर नुसतं कुरकुरलं. रंगारी दोन हिवाळे घरात राहून जेवला. एका दुपारी ओशच्या भातात मांस कमी पडलं म्हणून पणजीशी भांडला आणि रागाच्या भरात कोपऱ्यातल्या फळीवरचं फूल उलटं काढून गेला, देठ वर आणि पाकळ्या खाली. ते उलटं फूल मी माझं म्हणून घेतलं होतं. तू बोलायला लागलास तेव्हा मधलं डाळिंबी फूल मागितलंस. धाकटा म्हणून सगळ्यांनी लगेच दिलंही, ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे सामुदायिक शेतीवाल्यांनी खोलीचं कोठार केलं आणि छताला चुना फासला. खोली परत मिळाल्यावर बाबांनी मला हाताशी घेऊन कितीतरी हिवाळे तो चुना ओल्या कणकेने टिपून काढला. आई बोलायची नाही त्यांच्याशी. म्हणायची, ही कणीक म्हणजे उद्याची भाकर, आणि तुम्ही तिने छत पुसता. मग बाबा ती चुन्याने पांढरी झालेली कणीक चोरून बागेत पुरायचे आणि मी पहारा द्यायची. तू तेव्हा पाळण्यात होतास.

बाबा गेल्यावर मी माझा वाटा तुझ्या नावे सोडला तो राजीखुशीने. घर धाकट्याचं ही आपली रीतच. बदल्यात एकच मागितलं होतं, मेहमानखान्याला धक्का लावायचा नाही आणि माझी मुलगी तिथून सासरी जाईल. तेवढं सांभाळ, मला दुसरं काही नको.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यात लिहिलंय, शरफ सांगेल तसं करा, त्याचा शब्द तो माझा शब्द.

मुअत्तरला आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस, लोभ तर आहेच.
तुझी,
मेहरी आपा

*

उरातेपा, २५ ऑक्टोबर २००४

प्रिय मेहरीस,
ओयदिनचा स. सलाम. वि. वि.

अगं, तुझ्या गल्लीतल्या या मैत्रिणीला तू विसरलीस, पण तुझ्या चिठ्ठीने आमची घरं रिकामी केली. म्हाताऱ्यांनी ती मशिदीबाहेर मोठ्यांदा वाचून दाखवली आणि शुक्रवारी सगळा मोहल्ला तुमच्या अंगणात. आमचे हलीम तर पहाटेच फावडं खांद्यावर टाकून निघाले. माझं स्वतःचं कुंपण दोन वर्षं वाकलंय, त्याला हात लावायला त्यांची कंबर दुखते. हशरला मात्र कंबर दुखत नाही कुणाचीच.

पण कामं काय केली बायो त्यांनी. एक फळी फुटू दिली नाही. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने खूण, मग रजई, मग दोरी. आमच्या सुनांच्या आंदणातल्या रजयाही त्यात गेल्यात, उस्तोकडून परत आण म्हणावं शरफला. तुझं ते उलटं फूल हलीमनी स्वतः उतरवलं. म्हणाले, मेहरीचं आहे, पडलं तर ती दुशान्बेहून चालत येईल. ऐवानाच्या ओसरीतले कोरीव खांबही काढले. शरफ म्हणाला, त्यांनाही कीड आहे. मला काही कीड दिसली नाही, पण माझे डोळे आता सुईतही दोरा ओवत नाहीत. खांबांच्या जागी लोखंडी नळ्या उभ्या केल्यात आणि मेहमानखान्यावर तात्पुरते ओंडके टाकून माती लिंपलीय.

ओश उत्तम झाला होता. मुअत्तर मात्र दिवसभर गप्प होती, मला वाटतं दमली असेल. गंमत म्हणजे ट्रक खुजंदला जायचा तर निघाला उलट्या बाजूला, दुशान्बेकडच्या खिंडीच्या रस्त्याने. मी शरफला म्हटलं, तुझ्या ड्रायव्हरला उत्तर-दक्षिण कळत नाही का. तर म्हणाला, तिकडे त्याच्या मेव्हण्याकडून पेट्रोल घ्यायचंय. आजकालच्या ड्रायव्हरांना सगळीकडे मेव्हणे.

वसंतात छत बसलं की लेकीला घेऊन ये. मी नाचणार आहे, गुडघ्यांची पर्वा न करता.
आठवणीत ठेव, आणि लिहीत जा,
तुझी,
ओयदिन

*

उरातेपा, १९ जानेवारी २००५

ती. मेहरी आपा यांस,
शरफचा सादर सलाम. वि. वि.

खिंड बंद, म्हणून हे विमानाने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर देतोय. बर्फ खूप आहे. रोज सकाळी छपरावर चढून लोटतो.

उस्तो आजारी पडलाय. पोटाचं काहीतरी आहे, कारखाना बंद आहे. जूनपर्यंत छत बसेल असं मला वाटत नाही. आपा, माझं ऐका, सवसनचं लग्न तिकडेच करा. व्याह्यांची माणसं शहरातली, त्यांना डोंगरातून एवढ्या लांब आणायचं, रस्त्यात दरड, आणि इथे उघड्या भिंती दाखवायच्या, शोभत नाही. मामा म्हणून मी तिकडे येईन, मुलीला हात धरून बाहेर आणीन. मेहमानखाना कुठे पळून जात नाही.

रजयांबद्दल ओयदिन आपांना सांगितलंय, मिळतील.

माया असू द्यावी,
शरफ

*

दुशान्बे, ८ मार्च २००५

चि. शरफ यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस रुसून बसले. मग स्वतःलाच म्हटलं, उस्तोचं पोट काही शरफच्या हातात नाही. तुला दोष देत नाही, पण वाईट वाटलं ते वाटलंच. सवसन म्हणते, आई, लग्न माझं आहे की छताचं.

तर आता इथेच ठरलं. व्याही कोमिल यांनी नवरोजला उघडणारा एक नवा लग्नहॉल आधीच धरून ठेवलाय. त्याची तारीफ करताना त्यांचा चहा गार होतो. म्हणाले, आतली सजावट सगळी जुन्या पद्धतीची आहे, तुम्ही उरातेपाच्या, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. मी मनात म्हटलं, आमच्या घरासारखं कुठलं असायला. तोंडाने फक्त छान छान म्हटलं. नवरीच्या आईला गप्प बसावं लागतं, हे तू मामा झालास तरी तुला कळायचं नाही.

खिंड उघडली की लगेच नीघ. आईचा भरतकामाचा सुझनी पडदा घेऊन ये, सवसनला त्याच्याखालीच बसवायची आहे. येताना आपल्याकडचे नान आण, इथल्यांना चव नाही. उस्तोच्या तब्येतीसाठी रोज दुआ करते.

वाट बघते आहे, लोभ तर तुझ्यावर सगळ्यांत जास्त.
मेहरी आपा

*

दुशान्बे, २२ जून २००५

चि. शरफ,
आशीर्वाद नेहमीचे समज. 

लग्न नीट पार पडलं. तू होतासच. नान छान होते, आईचा पडदाही शोभला.

हॉलच्या दारात प्रत्येक पाहुणा थबकत होता आणि मान वर करून बघत होता. कोमिल सगळ्यांना सांगत होते, हे छत शंभर वर्षांचं आहे, उत्तरेकडच्या कुठल्याशा पडक्या घरातून मालकाने मिळवलंय. मीही व्याह्यांचा मान म्हणून वर बघितलं. आधी वाटलं, कुणीतरी हुबेहूब नक्कल केलीय, आणि कौतुकही वाटलं. मग गाणाऱ्यांच्या कर्ण्यांच्या वर, कोपऱ्यात, देठ वर आणि पाकळ्या खाली असं माझं फूल दिसलं. माझ्या हातात मिठाईचं ताट होतं. विहीणबाईंनी विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, उकडतंय.

त्यानंतर मी संध्याकाळभर हसत होते. मला नाचायला ओढलं तर नाचलेही. मुलीच्या लग्नात आई रडली तर कुणी कारण विचारत नाही, तेवढी एक सोय झाली.

तरीसुद्धा, शरफ, मी मनाची समजूत काढत होते. म्हटलं, उस्तोने परस्पर विकलं असेल, माझ्या भावाला फसवलं असेल, बिचाऱ्याला कळलं तर तो कोसळेल. तुला सावकाश बाजूला घेऊन सांगावं म्हणून तुझ्या टेबलाकडे निघाले. आणि वाटेतच पाय थांबले. अख्ख्या हॉलमध्ये वाढप्यांपासून मुलांपर्यंत सगळे वर बघत होते. तू एकटा ताटात बघत होतास. वरात आली तेव्हा, सवसनला हात धरून आणलीस तेव्हा, निरोपाची दुआ झाली तेव्हाही. एकदाही तुझी मान वर झाली नाही. मी परत फिरले.

ओयदिनने ट्रकचं लिहिलं होतं. ते वाचून मी हसले होते, हे आठवलं की स्वतःचीच चीड येते.

विकलंस याचं दुःख आहेच. पण तू माझ्याच हाताने विकलंस. माझ्या चिठ्ठीशिवाय तो मोहल्ला हलला नसता. ज्या हलीमनी माझं फूल जपून रजईत बांधलं, त्यांना तू त्यांच्याच गल्लीच्या लुटीला जुंपलंस आणि वर ओश खाऊ घातलास. मी त्याचा शब्द तो माझा शब्द असं लिहिलं होतं. एवढा विश्वास मी नवऱ्यावरही टाकला नव्हता.

मधल्या डाळिंबी फुलाला भोक पाडून त्यातून झुंबर टांगलंय. तुझं फूल म्हणून सांगते.

मेहरी

*

उरातेपा, १४ जुलै २००५

ती. आपा यांस,
शरफचा सलाम.

नाकारत नाही. गेल्या उन्हाळ्यातच एक दलाल येऊन बघून गेला होता. तुमच्या राजधानीत कुणा बड्या माणसाच्या बंगल्यात जाणार असं तो म्हणाला होता. हॉलचं मला माहीत नव्हतं. दारातून आत आलो आणि मान खाली गेली ती वर आलीच नाही. तुमच्या नजरेतून ते सुटणार नाही हे तेव्हाच कळलं होतं.

पण आपा, तुम्हीही थोडं ऐका. तुम्ही उन्हाळ्यात येता, ऐवानात गाद्या घालून जर्दाळू खाता, छताकडे बघून डोळे पुसता आणि थंडी पडायच्या आत परत जाता. दर शरदात छपराला माती-भुसा मी लिंपतो. दर बर्फात पहाटे वर मी चढतो. पाच वर्षांपूर्वी पडून बरगडी मोडली तेव्हा तुम्ही पत्रात विचारलंत, छताला काही झालं नाही ना. घर तुमच्या डोळ्यांत होतं, माझ्या पाठीवर होतं. मुअत्तरला कोरड्या खोल्या हव्यात, मला रात्रीची झोप हवी. छपरासाठी लोखंडी पत्रे आणून ठेवलेत, शरदात हशर घालून बसवून घेईन, मग बर्फ आपोआप घसरेल.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

एक विनंती, मोहल्ल्यात कुणाला कळवू नका. मला इथेच राहायचं आहे.

शरफ

*

उरातेपा, ३ डिसेंबर २००५

प्रिय मेहरीस,
ओयदिनचा स. सलाम. वि. वि.

लग्नानंतर जूनमध्ये तू मलाही लिहिलंस, ते पत्र मी हलीमना वाचून दाखवलं.  उठून अंगणात गेले आणि माझं ते वाकडं कुंपण सरळ करायला लागले. दुसऱ्या दिवशी मशिदीत सांगितलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. शरफला कुणी एक शब्द विचारला नाही. भेटला तर सलाम करतात, तब्येत विचारतात, पुढे जातात.

मग त्याने पत्र्यांसाठी हशर बोलावला. मोठी कढई चढवली, मुअत्तरने पहाटेपासून गाजरं चिरली. कुणीही आलं नाही. आमचं फावडं दाराशी तसंच उभं. एवढा ओश करायचा काय, म्हणून मुअत्तरने वाडगे भरून घरोघरी पाठवले. लोकांनी घेतले, कारण आलेलं अन्न नाकारत नाहीत. पण वाडगे परत गेले ते धुऊन, पुसून, रिकामे. मेहरी, या गल्लीत रिकामा वाडगा परत गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला राहवलं नाही, मी तिच्या वाडग्यात मूठभर मनुका टाकल्या. हलीमनी त्या काढून घेतल्या आणि स्वतःच बसून खाल्ल्या, डोळ्यांत पाणी आणून.

पत्रे अंगणात पडलेत. पहिला बर्फ पडलाय आणि तो एकटाच वर चढतो. मला तुझाही राग समजतो आणि त्याच्याकडेही बघवत नाही. आमच्या रजयांवर तर मी पाणीच सोडलं.

तुझी माया माझ्यापाशी आहे, माझी तुझ्यापाशी,
ओयदिन

*

दुशान्बे, १२ जानेवारी २००६

चि. शरफ यास,
मेहरीचा आशीर्वाद.

तुझ्या जुलैच्या पत्राला आज उत्तर देते आहे. बरगडीचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी तसंच विचारलं होतं. ते आठवून मला लाज वाटली, ती तुला कळवते. पण त्यामुळे तू केलंस ते लहान होत नाही. तू दमलो म्हणाला असतास तर मी भांडले असते, रडले असते आणि शेवटी कदाचित हो म्हटलं असतं. ते हो म्हणणं माझं होतं, ते तू विकून टाकलंस.

हलीमना मी पत्र घातलंय, की तुझ्या छपरावरचा बर्फ लोटायला जावं. त्या भिंती पणजोबांच्या आहेत आणि मुअत्तर आत झोपते. ते जातील. तुझ्याशी बोलतील असं मी लिहिलेलं नाही, ते मी मागू शकत नाही. वाडगे कधी भरून येतील ते तुझं तू बघ. कढई पुन्हा चढवायची असेल तर आधी मशिदीबाहेर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांग.

मी उन्हाळ्यात येणार नाही. सवसनने विचारलं, आई, यंदा माहेरी जायचं नाही का. मी म्हटलं, जाते की. खरंच जाते. ट्रॉलीबसने शेवटच्या थांब्याला उतरलं की तो हॉल आहे. लग्न नसेल त्या दिवशी चौकीदार मला आत सोडतो. आधी त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे, आता चहा देतो. मी मधे सतरंजी टाकून उताणी पडते आणि बघत राहते. दारावरचा कोपरा, जिथला चुना बाबांकडून निघायचा राहिला होता, तिथे यांनी सोनेरी रंग फासलाय. झुंबराचं भोक सोडलं तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. ओयदिनच्या रजयाही तिथेच सापडल्या, मागच्या खोलीत खुर्च्यांवर टाकलेल्या. मी त्या मागून घेतल्या आणि धुतल्या. खिंड उघडली की पाठवते.

तुला कधी घर बघावंसं वाटलं तर कळव. चौकीदाराला मी सांगून ठेवीन. पण आत आल्यावर मान वर करावी लागेल.

मेहरी आपा